बेडं, कुलूप आणि भरतीची वेळ: एका समुद्रगुहेच्या वाटेचं प्रकरण

गाव दक्षिण रत्नागिरीतलं आहे. गावाचं नाव, माणसांची नावं आणि साल मुद्दाम गाळलं आहे, ओळख पटेल असे काही तपशील बदललेही आहेत. मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. या प्रकरणात गावाच्या बाजूने बहुतेक कागद मीच लिहिले आणि त्यातले निदान दोन चुकीच्या वेळी किंवा चुकीच्या शब्दांत लिहिले. तेही खाली येईलच.

पार्श्वभूमी

गावाच्या दक्षिणेला सड्याचं, म्हणजे कातळपठाराचं, टोक समुद्रात घुसलेलं आहे. वर जांभ्याचा कातळ, त्याखाली शेडीचा मऊ थर आणि पायाशी काळा खडक. लाटांनी मधला मऊ थर पोखरला आणि जांभ्याचं छप्पर डोक्यावर राहिलं, ती गुहा. गावात तिला नुसतं ‘घळ’ म्हणतात. तोंड दोन बैलगाड्या शेजारी उभ्या राहतील एवढं, आत साठेक पावलं, आणि शेवटाला उजव्या हाताला कमरेएवढ्या उंचीवर एक ओटा. ओट्यावर पिंडी आहे. ती कोणी घडवली आणि कधी ठेवली, याबद्दल गावात चार कथा आहेत आणि चौघेही आपापल्या कथेवर ठाम आहेत.

घळीकडे जायला दोन वाटा. एक वरून, सड्यावरच्या कलमांच्या बागेतून: बागेच्या गडग्यातलं (दगडी कुंपणातलं) बेडं, म्हणजे आडव्या दांड्यांचं दार, उघडायचं, झाडांच्या कडेकडेने दीडशे पावलं चालायचं आणि मग जांभ्याच्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायचं. दुसरी खालून, पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, टोकाला वळसा घालून खडकाखडकांतून. वरच्या वाटेवर पाणी आलं तर परत चढून जाता येतं. खालच्या वाटेवर पाणी आलं की मागची वाट आधी बंद होते. पुढे जे घडलं ते सगळं या एका फरकातून.

घळीत जाणारी माणसं तीन तऱ्हेची. महाशिवरात्रीला सगळा गाव. एरवी पावसाळा संपल्यापासून वैशाखापर्यंत घळीच्या अलीकडच्या खडकांवर कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या बायका, संख्येने पंधरा-सोळा, डोक्यावर टोपली आणि कमरेला फडक्यात बांधलेली भाकरी. आणि अलीकडे, कोणीतरी ड्रोन उडवून काढलेल्या व्हिडिओनंतर, शनिवार-रविवारचे पर्यटक.

महाशिवरात्रीचं एक सांगायला हवं. किनाऱ्यावरची जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही. शिवरात्र म्हणजे चतुर्दशी, म्हणजे साडेदहाला भरती आणि पावणेपाचच्या सुमारास ओहोटी. शिवाय अमावास्येच्या तोंडावर असल्यामुळे उधाण, म्हणजे पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब ओसरतं. गावाची पूजा दुपारी चारला सुरू होते आणि सूर्य कलायच्या आत संपते. मी लहानपणापासून ही पूजा पाहत आलो, पण चारच का हे मला प्रकरण हातात आल्यावर कळलं. पंचांग हेच तिथलं भरतीचं वेळापत्रक होतं.

याचीच दुसरी बाजू अशी की भांगाला, म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या आसपास, ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण पाणी फारसं ओसरत नाही आणि घळीचं तोंड मोकळं होत नाही. थोडक्यात, भर दुपारी घळ उघडी सापडत नाही. पहाटे-सकाळी नाहीतर उतरत्या दुपारी. आणि पर्यटक नाश्ता करून, गाडी काढून, बरोबर दुपारी पोचतो.

बेड्याला कुलूप

बाग गावातल्याच एका कुटुंबाची होती. वाटण्या झाल्या, तिघे भाऊ मुंबईला, आणि बाग बाहेरच्या एका गृहस्थांनी घेतली. माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहितो, कारण गावात त्यांची जी प्रतिमा झाली ती अर्धी आम्हीच केलेली होती. पहिल्या हंगामात झाडाखालचे आंबे गेले, फवारणीच्या दिवशी कोणीतरी लहान पोरं घेऊन बागेतून गेलं, आणि त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितलं की तुमच्या जागेतून जाऊन कोणी खाली मेलं तर तुमच्यावर येईल. मृगाच्या तोंडावर त्यांनी बेडं काढून लोखंडी फाटक बसवलं आणि कुलूप घातलं.

कोणाला कळलंच नाही. पावसाळ्यात घळीकडे जातो कोण? नवरात्र संपल्यावर कालवांच्या बायका नेहमीच्या वाटेने गेल्या तेव्हा फाटक दिसलं. चार महिने तिथेच गेले.

पुढचे दोन महिने आम्ही अर्जांत घालवले. ग्रामपंचायतीचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन, पर्यटन खात्याला पत्र, वर्तमानपत्रात बातमी. निवेदनात मी सर्वोच्च न्यायालयाच्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ (१९९६) या निकालाचा दाखला दिला होता: समुद्रकिनारा, वाहतं पाणी, जंगल या गोष्टी सरकारकडे जनतेच्या वतीने विश्वस्त म्हणून असतात. दाखला बरोबर होता, उपयोग शून्य. घळ सार्वजनिक आहे याबद्दल बागमालकही वाद घालत नव्हते. भरतीच्या रेषेखालची जागा कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. प्रश्न घळीचा नव्हता, घळीपर्यंतच्या दीडशे पावलांचा होता, आणि विश्वस्ताचं तत्त्व खाजगी बागेतून वाट काढून देत नाही.

फाटक लागल्यावर माणसं थांबली का? नाही. बायका आणि पर्यटक दोघंही खालच्या वाटेने जाऊ लागले. बायकांना वेळ कळत होती. पर्यटकांना कळत नव्हती. अपघाताची भीती म्हणून लावलेल्या कुलपाने लोकांना जास्त धोक्याच्या वाटेवर ढकललं, आणि हे त्या वेळी आमच्या एकाही निवेदनात आलं नाही. आम्ही हक्काबद्दल लिहीत होतो.

त्या शनिवारी

जानेवारीतला शनिवार, पौर्णिमेनंतरची द्वितीया. चार मुलं, विशी-बाविशीतली, सकाळी नऊला पुळणीवरून निघाली. ओहोटी सव्वासातलाच होऊन गेली होती. घळीशी पोचली तेव्हा तोंडाशी घोट्याएवढं पाणी होतं. त्यांना वाटलं पाणी उतरतंय. फोटो काढेपर्यंत पावणेअकरा झाले, तोंडाशी कमरेएवढं पाणी आणि लाट आत शिरली की छपराला आपटून फवारा. ती मागे सरकत पिंडीच्या ओट्यावर चढली. त्यातल्या एकाचा फोन चालू होता, एवढंच नशीब.

साडेअकरापर्यंत पुळणीवर पोलीस, सरपंचबाई, दोन होड्या आणि निम्मा गाव. आणि इथे या प्रकरणातला पहिला खरा निर्णय आला: होडी आत घालायची की नाही?

पोलिसांचा आग्रह घालायचा होता. त्यांचंही बरोबर, चार मुलं आत अडकलेली असताना वाट बघत बसलो हे वरिष्ठांना सांगायचं कसं? होडी हाकणारा तांडेल नको म्हणत होता. तोंडाशी लाट उभी राहत होती, आत गेलेली होडी लाटेबरोबर छपराला लागली असती, आणि मग आत चार नव्हे, सात माणसं अडकली असती. तेवढ्यात देवळातून गुरवांचे वडील आले. वय ऐंशीच्या घरात. त्यांनी तिथी विचारली नाही, ती त्यांना ठाऊकच होती. एवढंच म्हणाले, ‘दीडला पाणी थांबतं. ओट्यावर उधाणाचं पाणी गुडघ्याच्या वर जात नाही, मी बघितलंय. पोरांना सांगा, हलू नका. साडेचारला चालत येतील.’

प्रश्न उरला तो सांगायचं कसं याचा. फोनची बॅटरी संपत आली होती आणि लाटांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. सरपंचबाईंनी फाटकाचं कुलूप तोडायला लावलं. राखणदार समोर होता, त्याच्याकडे किल्ली नव्हती. तिघे जण पाखाडीने उतरले. पाखाडी जिथे संपते तिथून घळीचं तोंड आठ-दहा हात खाली दिसतं. तिथे बसून त्यांनी आळीपाळीने पाच तास ओरडून बोलणं चालू ठेवलं. एकाने दोरीला बांधून पाण्याची बाटली आणि बिस्किटं सोडली, ती पहिल्या दोन वेळा वाहून गेली.

पाणी गुडघ्याला लागलं, वर गेलं नाही. पावणेपाचला चौघे चालत बाहेर आले, थंडीने काकडलेले, एकाचा पाय मुरगळलेला. होडी आत गेली नाही.

मी त्या दिवशी तालुक्याला होतो, ही हकीगत तिघा-चौघांकडून ऐकलेली. पण एक गोष्ट सगळ्यांनी सारखी सांगितली: होडी न घालण्याचा निर्णय एका म्हाताऱ्याच्या शब्दावर झाला, आणि तो म्हातारा त्या दिवशी देवळात नसता तर झाला नसता.

समोर असलेले पर्याय

आठवड्याने ग्रामसभा भरली. तापलेली होती.

तरुणांचं म्हणणं साधं: कुलूप तुटलंच आहे, आता फाटकही उखडा. यावर वेळ गेला नाही. फौजदारी गुन्हा अंगावर घेऊन वाट मिळत नसते, हे बहुतेकांना पटलं.

दुसरा पर्याय मामलेदार कोर्टाचा, आणि इथे माझी चूक. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली वाट अडवली तर तहसीलदारांकडे दाद मागता येते, स्वस्तात आणि तुलनेने लवकर. पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. अडथळा झाला मृगात. मी अर्ज दाखल केला फेब्रुवारीत, आठव्या महिन्यात. ‘आम्हाला नवरात्रानंतर कळलं’ हा युक्तिवाद केला. तहसीलदारांनी शांतपणे ऐकला आणि अर्ज मुदतबाह्य म्हणून निकाली काढला. त्यांचं चुकलं नाही. कायदा अडथळा कधी सुरू झाला ते विचारतो, तुम्हाला कधी दिसला ते नाही.

निकाल ऐकून बाहेर आलो तर कालवं काढणाऱ्यांतली सगळ्यात जुनी आजी पायरीवर बसलेली. तिने मला कागद वाचून दाखवायला लावला आणि म्हणाली, ‘देवाचं लिवलंस. फिरायला येणाऱ्यांचं लिवलंस. आमच्या कालवांचं कुठं हाय?’

नव्हतंच. आणि तोच खरा मुद्दा होता. या कलमाखालच्या वाटा म्हणजे शेती, गुरचरण, झाडं, पिकं किंवा मासेमारीच्या जागी जाणाऱ्या वहिवाटीच्या वाटा. देवाची वाट किंवा पर्यटकांची वाट म्हणून मुदतीत गेलो असतो तरी अडलोच असतो. पंधरा बायका रोज त्या वाटेने पोटासाठी जात होत्या, आणि माझ्या अर्जात त्यांचा उल्लेख ‘स्थानिक महिला वर्ग’ एवढाच.

महसूल अधिनियमाच्या कलम १४३ चा विचार झाला, पण ते एका शेतातून दुसऱ्या शेतात जायच्या वाटेसाठी. पुढे शेत नाही, समुद्र आहे. उरला दिवाणी दावा. १८८२ च्या सुखाधिकार अधिनियमात (दुसऱ्याच्या जमिनीतून वाट वगैरे वापरण्याच्या हक्काचा कायदा) कलम १८ रूढीने आलेला हक्क मानतं, आणि कलम १५ वीस वर्षांच्या अखंड वापराने. पुरावा बरा होता: गावनकाशावर ती पाऊलवाट तुटक रेषेने दाखवलेली होती. पण दिवाणी दावा म्हणजे किती वर्षं हे मी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, ‘तोपर्यंत घळ पडंल.’

तिसरा पर्याय बंदीचा. पोलिसांना आणि बागमालकांनाही तोच हवा होता. जमावबंदीच्या कलमाखाली (तेव्हाचं १४४, आताच्या नागरी सुरक्षा संहितेत १६३) असा हुकूम काढता येतो, पण तो साधारण दोन महिने टिकतो; आणि टिकला तरी खालच्या वाटेवर उभं कोण राहणार? पोर्तुगालमधल्या बेनागिल या प्रसिद्ध समुद्रगुहेत २०२४ साली पोहत जाणं, आत वाळूवर उतरणं आणि मार्गदर्शकाशिवाय कयाक नेणं बंद केलं. पण तिथे ते अमलात आणायला बंदराचे अधिकारी आणि गस्तीच्या होड्या आहेत. आमच्याकडे एक पोलीस पाटील.

चौथा सगळ्यात चकचकीत: निधी आणून सिमेंटच्या पायऱ्या, कठडा आणि घळीच्या तोंडावर पारदर्शक सज्जा. आराखड्याचा रंगीत कागद ग्रामसभेत फिरलाही. भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेत १-ब मध्ये येतो, तिथे असं बांधकाम सहजासहजी होत नाही, हे मी सांगितलं. कोणाला फारसं पटलं नाही. पटलं ते एका महाविद्यालयातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक येऊन गेल्यावर. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. घळीच्या तोंडाशी पडलेले दगड दाखवले. काही गोलसर, अंगावर कालवं आणि शेवाळ. काही धारदार कडांचे, कोरे. ‘हे कोरे आहेत ना, हे गेल्या एक-दोन पावसांतले,’ ते म्हणाले. मग वर बोट केलं: जांभ्यातून झिरपलेलं पाणी शेडीच्या थरावर अडून बाहेर येतं, तिथे ओली रेघ दिसत होती, जानेवारी उलटून गेला तरी. त्या रेघेवर जांभ्याचं छप्पर टेकलेलं आहे. तिथे सज्ज्यासाठी भोकं पाडायची? आराखड्याचा कागद पुन्हा दिसला नाही.

पाचवा पर्याय कोणी मांडला नव्हता, तो बोलण्यातून निघाला. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. समुद्रकाठच्या खडकांवरून जाते आणि ओहोटीलाच करायची असते. म्हणजे वाट कायम उघडी नाही आणि कायम बंदही नाही. मग फाटक राहू दे, पण ते समुद्राच्या वेळेने उघडू दे. सरपंचबाईंचं वाक्य असं: ‘कुलूप त्यांचं राहू दे, किल्ली आमची.’

काय केलं

बागमालकांशी बोलणी करायला मी गेलो नाही. मुद्दाम. माझ्याकडे बघितलं की त्यांना नोटीस दिसत होती. सरपंचबाई, गुरव आणि ती आजी असे तिघे गेले, शिवरात्रीच्या आमंत्रणाचं निमित्त करून. बागमालक आले, घळीत उतरले, पिंडीसमोर बसले. मुंबईत राहणाऱ्या त्यांच्या आईला त्या पाखाडीचा व्हिडिओ पाठवला. पुढचं सोपं झालं असं म्हणणार नाही, पण शक्य झालं.

त्यांच्या तीन अटी होत्या: बागेत माणूस शिरू नये, फवारणीच्या दिवशी वाट बंद, आणि काही झालं तर जबाबदारी ग्रामपंचायतीची. गावाने श्रमदानाने वाटेच्या बागेकडच्या अंगाला गडगा घातला, चार फुटांची वाट सोडून. चिरे बागमालकांनी दिले.

कागदावर मात्र आठ दिवस घासाघीस झाली, आणि हा दुसरा निर्णयाचा क्षण. त्यांच्या वकिलाच्या मसुद्यात शब्द होता ‘परवानगी’. गावाला वाटलं, मिळतंय ना, घ्या. पण परवानगी मालक काढूनही घेऊ शकतो. आणि त्याहून वाईट, परवानगीने चाललो असं एकदा मान्य केलं की ‘आम्ही हक्काने चालत होतो’ हे पुढे सिद्ध करणं कठीण. मी अडून बसलो. गावातल्या काहींनी मला सुनावलं की वकिलाला तंटा मिटायला नको असतो. शेवटी पंधरा वर्षांचा नोंदणीकृत दस्त झाला, त्यात ‘या दस्ताने गावाच्या पूर्वापार वहिवाटीच्या हक्कास बाधा येत नाही’ हे वाक्य गेलं, आणि फेरफार घालून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद झाली. कालवं काढणाऱ्या बायकांचा उल्लेख या वेळी पहिल्या परिच्छेदात आहे.

किल्ली कोणाकडे? ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे द्यायचं ठरत होतं. आजी म्हणाली, शिपाई अकराला येतो, ओहोटी सातला असते. किल्ली बायकांच्या बचतगटाकडे गेली. त्या तशाही त्याच वेळी तिथे असतात.

पैशाचा प्रश्न निघाला. घळीचं तिकीट लावायचं नाही हे एकमताने ठरलं; देवाकडे जायला तिकीट कसलं, हे कारण काहींचं, आणि तिकीट लावलं की माणूस पैसे वसूल होईपर्यंत आतून हलत नाही, हे माझं. गाडीतळाचे पैसे घ्यायचे, त्यातून गटाला मानधन.

मृगापासून दसऱ्यापर्यंत फाटक बंद, देवासाठीसुद्धा. यावर गुरवांनी आधी कुरकुर केली, मग ओली रेघ त्यांनाही दाखवली.

फळा

फाटकाशी एक काळा फळा टांगला. पहिल्या महिन्यात बायका त्यावर लिहीत: ‘आज ओहोटी ३.२०’. सरळ, खरं, आणि पूर्ण चुकीचं. लोक तीन वीसला येऊ लागले, जसं सिनेमाला येतात. म्हणजे पाणी परत फिरतं त्याच क्षणी माणसं खाली उतरत होती. फाटकाची वेळ आम्ही ओहोटीच्या दोन तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत धरली होती. पण फळ्यावरच्या आकड्याने सगळी गर्दी शेवटच्या तासात आणली.

बदल गटातल्या एका सुनेने केला, बारावी झालेली. तिने ओहोटीची वेळ पुसली आणि लिहिलं: ‘४ वाजता सगळे वर.’ खाली बारीक अक्षरात: ‘साडेतीननंतर खाली सोडत नाही.’ दुसरं काही नाही. तेव्हापासून गर्दी पुढे सरकली. भांगाच्या चार-पाच दिवसांत फळ्यावर फक्त ‘आज नाही’.

वेळ कुठून घ्यायची यावरही वाद झाला. आकडा छापील वेळापत्रकातून घेतात, आणि आजी पाऊणकीने पडताळते. फरक सहसा पंधरा-वीस मिनिटांचा असतो. शिवाय हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या महासागर माहिती केंद्राकडून उंच लाटांचा इशारा येतो, तो सरपंचबाईंच्या फोनवर. इशारा असला की ओहोटी असूनही फाटक बंद. हे लोकांना समजावणं सगळ्यात कठीण. समोर पाणी ओसरलेलं दिसतं, ऊन पडलेलं असतं, आणि फाटकाला कुलूप.

काय साधलं, काय नाही

तीन हंगाम झाले. घळीत माणूस अडकलेला नाही. दुसऱ्या पावसाळ्यात छपराचा एक मोठा तुकडा पडला, तोंडापासून वीसेक पावलांवर, जिथे उभं राहून लोक फोटो काढतात बरोबर तिथे. दसऱ्यानंतर उतरलो तेव्हा दिसला, धारदार आणि कोरा. आता तिथून पुढे दोर बांधला आहे; पर्यटकांना पिंडीपर्यंत सोडत नाहीत, शिवरात्रीला पुजारी आणि पाच जण जातात. यावर गावात नाराजी आहे आणि ती मला समजते.

बागमालकांची तक्रार आंब्यांची राहिली नाही, कचऱ्याची आहे. गडग्यावरून पलीकडे बाटल्या पडतात. होमस्टेवाल्यांची तक्रार वेळांची: ‘पाहुण्यांना काय सांगू, या शनिवारी साडेतीनला आणि पुढच्या शनिवारी नाहीच?’ होय, तसंच सांगायचं. एकाने आता खोलीत भरतीचा तक्ता लावला आहे, आणि पाहुणे त्याचेही फोटो काढतात.

न सुटलेली गोष्ट खालची वाट. तिला फाटक लावता येत नाही, लावूही नये. भरतीच्या रेषेखालून चालायचा हक्क कोणाचाही काढून घेता येत नाही. पुळणीच्या टोकाला पाटी लावली, ती पहिल्या पावसात गेली. दुसरी लावली, ती कोणीतरी नेली. गेल्या एकतीस डिसेंबरला चौघे तिथूनच निघाले होते. कालवांच्या बायकांनी हाका मारून परत आणले.

आज पुन्हा करायचं झालं तर

निवेदनं लिहिण्याआधी मुदती लिहून काढेन. सहा महिन्यांची मामलेदार कोर्टाची तर गेलीच, पण दुसरीही होती: कलम १५ खालची वीस वर्षं दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात. आम्ही बोलणी करत होतो तेव्हा ती टिकटिक माझ्या एकट्याच्या कानात होती, आणि समोरच्यांनी बोलणी लांबवत नेली असती तर तो आधारही हातातून गेला असता.

म्हणून आधी गावाच्या वतीने प्रातिनिधिक दावा दाखल केला असता, शांतपणे, आणि मग त्याच बोलण्यांतून तडजोडीचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाने शिक्कामोर्तब केलेली तडजोड, करून घेतला असता. पंधरा वर्षांच्या दस्तापेक्षा ते पक्कं. तेव्हा मला वाटलं दावा म्हटलं की बोलणी फिसकटतील. कदाचित फिसकटलीही असती. त्या शिवरात्रीला बागमालक आले असते का, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि पहिल्याच दिवशी कालवांच्या बायकांकडे गेलो असतो. वाट कोण वापरतं हे विचारायला मी देवळात गेलो, ग्रामपंचायतीत गेलो, होमस्टेवाल्याकडे चहा घेतला. खडकावर गेलो नाही.

बाग पुन्हा विकायला निघाली आहे. गेल्या महिन्यात मोजणीदार आले होते. घेणाऱ्याच्या माणसाने सातबारा मागितला, इतर हक्कातली ओळ वाचली आणि ‘हे काय?’ म्हणून विचारलं. सरपंचबाईंनी त्याला फाटकापर्यंत नेलं. फळ्यावर ‘आज नाही’ होतं. त्याने तरी खाली उतरून बघता येईल का म्हणून विचारलं, तेव्हा आजीने आकाशाकडे बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि त्याला शुक्रवारी सकाळी सातला यायला सांगितलं.